भोपळ्यातली म्हातारी छापखान्यापर्यंत: लोककथेचं चित्रपुस्तक कसं करावं

लोककथेचं चित्रपुस्तक करायला घेणारे बहुतेक जण एकाच जागी घसरतात. गोष्ट लहानपणापासून पाठ असते, चित्रकार ओळखीतला असतो, आणि तात्पर्य शेवटच्या पानावर चौकटीत टाकायचं हे ठरलेलं असतं. पुस्तक हातात येतं तेव्हा मजकूर एक सांगतो, चित्रं दुसरंच दाखवतात आणि चौकटीतलं वाक्य तिसऱ्याच गोष्टीचं वाटतं. तात्पर्य सगळ्यात आधी ठरवावं लागतं. कुठल्या प्रसंगाला दोन पानं द्यायची आणि कुठला एका ओळीत उरकायचा, हे त्यावरूनच ठरतं. छापायचं की नाही, तो पुढचा प्रश्न.

उदाहरणाला सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट घेऊ: लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेतलं रान आणि ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’.

आधी गोष्ट गोळा करा

आपल्या एकट्याच्या आठवणीवर भिस्त ठेवू नका. किमान तीन जणांकडून गोष्ट ऐका, आणि तिघं तीन गावांचे असतील असं पाहा. मोबाइलवर रेकॉर्ड करा. परवानगी आधी घ्या, आणि पुस्तकात नाव द्यायचं का तेही तेव्हाच विचारा. ‘पुस्तकासाठी सांगा’ म्हटलं की सांगणारी आजी एकदम ‘अरण्य’ आणि ‘वृद्धा’ म्हणायला लागते. त्यापेक्षा तिच्यासमोर एखादं पोर बसवा. हुंकार भरणारं कुणी असलं की लय आपोआप येते, आणि नेमकी तीच तुम्हाला कागदावर आणायची असते.

मग तक्ता करा: कोण भेटतं, कितीदा भेटतं, काय बोलणं होतं, शेवट काय. या गोष्टीत लेकीकडे जाणं, ‘तूपरोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा’ ही बोली आणि भोपळ्यात बसून परत येणं हे पक्कं असतं. प्राणी बदलतात. शेवट तर हमखास बदलतो: कुठे म्हातारी थेट घरी पोचून दार लावून घेते, कुठे कोल्ह्याला संशय येतो आणि तिला आणखी एक युक्ती काढावी लागते. ऐकलेल्यांपैकीच एक शेवट निवडा, पदरचा जोडू नका. पदरचे शेवट बहुधा गुळगुळीत होतात. सगळे प्राणी शेवटी म्हातारीचे मित्र बनतात आणि गोष्टीतली भीती निघून जाते.

बंगालीत ही गोष्ट दुध्या भोपळ्याची आहे आणि शेवटी म्हातारीचे कुत्रे तिच्या मदतीला धावून येतात. इराणमध्येही भोपळ्यात बसून जाणारी म्हातारी आहे. लोककथांच्या आर्ने-थॉम्पसन-उथर सूचीत ‘थांब, मला जाड होऊ दे’ हा कथाप्रकार १२२-एफ या क्रमांकावर येतो. मुलांना याचं काही नाही, पण पुस्तक करणाऱ्याला यातून एक फार उपयोगी गोष्ट कळते. बंगाली आणि इराणी भोपळा गडगडत जातो. आपला भोपळा उड्या मारतो. टुणूक हा उडीचा शब्द आहे. म्हणून चित्रात भोपळा जमिनीला चिकटलेला असून चालणार नाही. खाली बोटभर मोकळी जागा आणि तिच्याखाली लांबट सावली हवी. बाजारातल्या बहुतेक चित्रांमध्ये भोपळा उतारावरून घरंगळतो आणि मजकूर मात्र टुणूक टुणूक म्हणत राहतो.

हक्क आणि करार

लोककथा कुणाच्या मालकीची नसते, तिच्या छापील पुनर्कथनाची मालकी असते. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षं हा हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११पासून मुक्त आहे. दुर्गाबाई भागवत २००२ साली गेल्या. त्यांच्या मजकुरावरचा हक्क २०६२ संपेपर्यंत आहे. एखाद्या संग्रहातून कथेचा सांगाडा कळला तर अडचण नाही, तिथली वाक्यं उचलली तर आहे. ‘चल रे भोपळ्या’ हे ध्रुवपद मात्र लोकांचंच आहे, ते खुशाल घ्या.

चित्रकाराशी लेखी करार करा, मैत्री असली तरी. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. उद्या हेच पुस्तक परदेशातल्या मराठी शाळांना पाठवायचं किंवा ई-पुस्तक म्हणून विकायचं ठरलं, तर ‘जगभर’ आणि ‘छापील व डिजिटल’ हे शब्द आधीच कागदावर असलेले बरे. मूळ चित्रं कुणाकडे राहणार, मुखपृष्ठावर नाव कसं येणार आणि दुरुस्तीच्या किती फेऱ्या मानधनात धरल्या आहेत (साधारण दोन), हेही त्यातच लिहा.

सांगणाऱ्याचं नाव देण्याची रीत जुनी आहे. १८६८ साली इंग्रज लेखिका मेरी फ्रिअर यांनी ॲना लिबेराटा डिसूझा या आपल्या आयाकडून ऐकलेल्या दख्खनच्या कथा छापल्या, तेव्हा ॲनाची स्वतःची हकीकतही त्याच पुस्तकात दिली होती. त्यापुढे ‘एका आजीकडून ऐकलेली कथा’ ही ओळ फारच कंजूष वाटते.

तात्पर्य: क्रियापद शोधा

‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ हे या गोष्टीचं ठरलेलं तात्पर्य. ते चूक नाही, पण त्याचं चित्र काढता येत नाही. त्यात कुणी काही करतच नाही. तेच असं मांडून बघा: ‘म्हातारी घाबरली, तरी थांबून, विचार करून बोलली.’ आता चित्र दिसायला लागलं. वाघ समोर आहे, म्हातारीची काठी जमिनीत रुतली आहे, आणि ती बोलण्याआधीचा एक क्षण आहे. तो क्षण म्हणजे तुमचं तात्पर्य. त्याला दोन पूर्ण पानं द्या आणि शब्द जवळजवळ शून्य ठेवा.

तुम्हाला दुसरं काही सांगायचं असेल, समजा ‘लेक आईच्या पाठीशी उभी राहिली’, तर मोठं चित्र बदलेल. मग भोपळा कोरण्याचा प्रसंग फुलवायचा आणि वाघाची भेट आटोपशीर ठेवायची. दोन्ही तात्पर्यं एका पुस्तकात कोंबली की दोन्ही पातळ होतात.

आता गोष्टीतली खोच. पाच वर्षांचं मूल हमखास विचारतं, ‘म्हणजे म्हातारी खोटं बोलली ना?’ गोष्ट बदलून यावर उपाय होत नाही, शब्द सांभाळून होतो. ‘म्हातारीने वाघाला वचन दिलं’ किंवा ‘शब्द दिला’ असं एकदा लिहिलं की तिचं पुढचं वागणं वचनभंग ठरतं आणि तात्पर्य उलटतं. मूळ सांगण्यात म्हातारी वचन देत नाही, ‘थांब, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा’ एवढंच म्हणते. तेवढंच लिहा. वाघाचं ‘तुला खातो’सुद्धा काढू नका. काही पालक ते वाक्य सौम्य करायला सांगतात. पण वाघ खाणारच नसेल तर युक्तीची गरज काय?

तात्पर्य आणि चित्र एकमेकांच्या विरुद्ध कसे जातात ते चिऊ-काऊच्या गोष्टीत स्वच्छ दिसतं. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा दाराशी उभा, आत चिऊ म्हणते, ‘थांब, माझ्या बाळाला टीट लावते.’ चित्रकाराने कावळा पावसात कुडकुडताना काढला आणि खाली ‘परक्यासाठी दार उघडू नये’ असं छापलं, तर मूल कावळ्याची बाजू घेणार आणि ते बरोबरच असणार. तात्पर्य तेच ठेवायचं असेल तर कावळ्याचं लबाड रूप पहिल्या पानापासून दाखवावं लागेल. नाहीतर तात्पर्य बदला.

छापायच्या जागेबद्दल: इसापनीतीची ‘तात्पर्य:’ ही चौकट आपल्याला शाळेने दिली. घरच्या परंपरेत दुसऱ्या वाटा आहेत. व्रताच्या कहाणीत उपदेश एखाद्या पात्राच्या तोंडी येतो, ‘उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस’, आणि शेवटी ‘तसं तुम्हां-आम्हां होवो’ म्हणत ऐकणाऱ्यालाही गोष्टीत घेतलं जातं. चौकटीपेक्षा ही वाट शंभर पटींनी बरी. शाळेच्या खरेदीसाठी तात्पर्य लागणारच असेल तर ते मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, मोठ्यांसाठी, एका ओळीत द्या. तिथे मुलांसाठी एक प्रश्नही चालेल: ‘तू असतास तर वाघाला काय म्हणाला असतास?’ आणि मुलीलाही तो प्रश्न विचारता येईल असा लिहा. ‘तू असतीस’ वेगळं छापण्यापेक्षा ‘वाघाला तू काय सांगशील?’ हे सरळ पडतं.

मजकूर: चारशे शब्द पुरे

तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी ३२ पानांच्या पुस्तकात ३५० ते ४५० शब्द खूप झाले. मराठी शब्द प्रत्ययांनी लांबतो, त्यामुळे इंग्रजी चित्रपुस्तकांचे आकडे इथे लावू नका. समोरासमोरच्या दोन पानांवर सरासरी ३० शब्द, ४५च्या वर जाऊ देऊ नका.

पहिल्या खर्ड्यात साधारण असं उतरतं:

‘एका घनदाट अरण्यातून एक वृद्ध स्त्री आपल्या मुलीच्या घरी जात होती. वाटेत तिला एक क्रूर आणि भुकेलेला वाघ भेटला. त्याला पाहून ती खूप घाबरली.’

आता हे:

‘म्हातारी निघाली लेकीकडे.
काठी टेकत, ठुकठुक ठुकठुक.
वाटेत रान. रानात वाघ.’

रान घनदाट आहे, वाघ भुकेला आहे, म्हातारी घाबरली आहे, हे तिन्ही चित्र सांगणार. जे चित्रात दिसतं ते मजकुरातून काढा. जे चित्रात दिसू शकत नाही, म्हणजे आवाज, वास, मनातला विचार, ते ठेवा. प्रत्येक विशेषणावर बोट ठेवून विचारा: हे चित्रकार काढणार आहे का? ‘हो’ असेल तर खोडा.

जाताना ‘ठुकठुक’ आणि येताना ‘टुणूक टुणूक’ अशी आवाजांची जोडी लागली की वाचणाऱ्याला न सांगता चाल मिळते. ध्रुवपद दर वेळी अक्षरशः तेच हवं आणि पानावर त्याच जागी हवं, शक्यतो उजव्या पानाच्या तळाशी. तिसऱ्या खेपेला मूल ते स्वतः म्हणतं. कंटाळवाणं होईल म्हणून लेखक तिथे हौसेने शब्द बदलतो आणि मुलाचा हात सुटतो. शुद्धलेखनही एकच ठेवा: ‘टुणूक’, णूवर दीर्घ. एका पानावर टुणुक आणि दुसऱ्यावर टुणूक असलं की आधी शिक्षक पकडतात, मग मुलं.

‘तूपरोटी’चं ‘तूपपोळी’ करू नका. घरात कुणी रोटी म्हणत नसलं तरी कानाला तोच शब्द ओळखीचा आहे.

डमी: आठ कागद आणि एक पेन्सिल

डमी म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना. ए-फोर आकाराचे ८ कागद एकत्र मधून दुमडा, दोन पिना मारा. झाली ३२ पानं. पान १ शीर्षक, पान २ हक्क आणि प्रकाशनाचा तपशील, पान ३ अर्पणपत्रिका किंवा एक छोटं चित्र. गोष्ट ४–५पासून ३०–३१पर्यंत, म्हणजे १४ जोडपानं, आणि ३२ हे एकटं शेवटचं पान.

मधून पिन मारलेल्या पुस्तकात १६–१७ ही पानं एकाच अखंड कागदावर येतात आणि शेजारी शेजारीच छापली जातात. बाकीच्या जोडपानांत डावं आणि उजवं पान वेगवेगळ्या जागी छापलं जाऊन घडीत जुळतं. अर्धा-एक मिलिमीटर इकडेतिकडे होतोच आणि रंगातही फिका-गडद फरक पडू शकतो. म्हणून घडीवरून आरपार जाणारं सगळ्यात नाजूक चित्र १६–१७वर आणा. आपल्या गोष्टीत ते भोपळ्याचं आतलं दृश्य असू दे: अर्धा कापलेला भोपळा, आत पाय दुमडून बसलेली म्हातारी, शेजारी बियांचा ढीग, लेकीच्या हातात पळी. मुलं या पानावर सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

त्या हिशेबाने मांडणी:

४–५ म्हातारी दाराला कडी घालते. ६–७ रान, उजव्या कडेला फक्त पट्ट्यांची शेपटी. ८–९ वाघ आणि तो थांबलेला क्षण. १०–११ अस्वल आणि कोल्हा एकाच जोडपानात, कारण बोली आता मुलांना पाठ झाली. १२–१३ लेकीचं घर, तूपरोटी. १४–१५ परतायची वेळ, म्हातारीच्या कपाळावर आठी, लेक परसाकडे बघतेय. १६–१७ भोपळा. १८–१९ झाकण बंद, लेकीचा धक्का. २०–२१ पहिली टुणूक. २२–२३ वाघ, २४–२५ अस्वल, २६–२७ कोल्हा कान टवकारतो. २८–२९ शेवटची युक्ती. ३०–३१ दार बंद, बाहेर तिघं. ३२ दारात उगवलेला भोपळ्याचा वेल, शब्द नाहीत.

पान ७वरच्या शेपटीचं काम मोठं आहे. उजव्या पानाने प्रश्न टाकायचा, पान उलटल्यावर उत्तर मिळायचं. वाघ ७वरच पूर्ण दिसला तर ८ उघडायचं कारण उरत नाही.

रंग लावायच्या आधी पेन्सिलची ही डमी पाच-सहा मुलांना वाचून दाखवा, आणि वाचणारी व्यक्ती तुम्ही सोडून दुसरी असू दे. तुम्ही बाजूला बसून तीन खुणा करा: मूल कुठे पुढचं पान ओढतं, कुठे चित्रावर बोट ठेवून थांबतं, कुठे खिडकीकडे बघतं. पहिल्या ठिकाणी मजकूर कापा, दुसऱ्या ठिकाणी चित्राला जागा वाढवा. तिसऱ्या ठिकाणी बहुधा तुम्ही उपदेश घातलेला सापडेल.

चित्रं

चित्रकाराला गोष्ट पाठवण्याआधी प्रदेश ठरवा. वाघ आणि अस्वल एकत्र हवेत तर मेळघाट किंवा ताडोबाच्या आसपासचं रान घ्या: साग, बांबू, मोह, उन्हाळ्यात पानगळ. मग घर त्या भागातलं, आणि म्हातारीचं नऊवारी नेसणंही तिथलंच. सिंह टाळा, आपल्याकडे तो फक्त गुजरातेत, गीर आणि सौराष्ट्रातल्या आसपासच्या भागात आहे.

हमखास होणाऱ्या चुका मोजक्या आहेत. कोल्ह्याच्या जागी लालभडक अंगाचा, पांढऱ्या शेपटीटोकाचा परदेशी प्राणी येतो. आपला कोल्हा करड्या-पिवळट अंगाचा, शेपटीचं टोक काळपट. अस्वल तपकिरी टेडीसारखं येतं. आपलं काळं, झिपरं, छातीवर इंग्रजी व्हीसारखा पांढरट पट्टा, लांब नखं. भोपळा गुळगुळीत नारिंगी चेंडू होतो. आपला लाल भोपळा, काही भागांतलं डांगर, बाहेरून हिरवट-भुरा, ठिपक्यांचा, उभ्या खाचांचा आणि चपटा, नारिंगी रंग आत. याचा कथेला फायदाच आहे. कोरण्याच्या पानावर एकदम केशरी रंग फुटतो, तोपर्यंत तो कुठेच वापरू नका.

पहिलं काम पात्रांच्या तक्त्याचं: म्हातारी समोरून, बाजूने, पाठमोरी, बसलेली, भोपळ्यात दुमडलेली, शेजारी त्याच मापात वाघ, भोपळा, लेक. हा तक्ता न करता पानं रंगवायला घेतली की पान ९वर म्हातारी वाघाच्या खांद्याएवढी आणि पान २३वर गुडघ्याएवढी निघते. संगणकाला सांगून चित्रं तयार करून घेणाऱ्यांना हाच त्रास जास्त होतो. शिवाय काष्टा कधी पुढे, कधी गायब.

माप: तयार पान ७.२५ × ९.५ इंच धरलं तर जोडपान १४.५ × ९.५ इंच. कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिमी जास्त. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ते साधारण ४४२१ × २९२१ पिक्सेल होतं. हाताने रंगवत असाल तर ए-थ्री कागदावर हे बसतं आणि ए-थ्री स्कॅनरवर एका दमात स्कॅन होतं. ए-टूवर काढलं की दोन तुकडे जोडत बसावं लागतं. घडीच्या दोन्ही बाजूंना १० मिमी जागेत चेहरा, डोळे, अक्षरं नकोत. कडेपासूनही तेवढंच अंतर सोडा. मजकुराची जागा कच्च्या रेखाटनातच मोकळी राखा. नंतर आकाशात पांढरा ढग काढून त्यात ओळी बसवणं लगेच कळून येतं.

लोककलेची शैली घ्यायची असेल तर ती कलाकाराकडूनच करून घ्या, नक्कल नको. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी तर चित्रपुस्तकाची थोरली बहीणच म्हणायची: ठाकर समाजातले कथेकरी एकेक सुटं चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत, आणि अशा चित्रांच्या संचाला पोथी म्हणत. त्यातले बाजूने दिसणारे चेहरे आणि मोठे डोळे ‘थांबलेल्या क्षणा’ला फार शोभतात. वारलीत चेहऱ्यावर भाव नसतात, सगळं शरीराच्या ठेवणीतून दाखवावं लागतं. त्यामुळे ८–९चं जोडपान तिथे वेगळ्या पद्धतीने, वाघ आणि म्हातारीमधल्या अंतरातून रचावं लागेल.

अक्षर

देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. म्हणून २० ते २४ पॉइंट अक्षराला ओळींमधलं अंतर किमान दीडपट ठेवा. त्याहून कमी केलं की वरचा उकार खालच्या मात्रेत अडकतो. युनिकोड फॉन्ट वापरा. ‘बालू’ किंवा ‘मुक्त’सारखे मोफत फॉन्ट मुलांच्या पुस्तकाला चालतात. भाषा मराठी निवडल्यावर ल पाकळीचा आणि श देठाचा येतो का ते तपासा. शाळेत मुलं तेच वळण गिरवतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर ही सेटिंग लावा, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. ‘दुसऱ्या’, ‘म्हाताऱ्या’ यांतला ऱ्य शेवटच्या पीडीएफमध्ये डोळ्यांनी बघा. तो फुटण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त.

अक्षराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचा असावा, छपाईचे चारही रंग (निळा, किरमिजी, पिवळा, काळा) मिसळून केलेला नको. यंत्रावर प्लेट, म्हणजे एकेका रंगाचा छपाईचा पत्रा, केसभर सरकली तर चार रंगांच्या शिरोरेघेला निळी-लाल सावली येते आणि बारीक अनुस्वार पसरतो. गडद चित्रावर पांढरी अक्षरं टाळाच. ती अक्षरं म्हणजे शाईतली भोकं असतात. शाई पसरली की ‘ष’चं पोट आणि वेलांटीचं टोक बुजतं.

कागद आणि छपाई

७.२५ × ९.५ इंचाचा आकार उगाच निवडलेला नाही. २० × ३० इंचाच्या डबल क्राउन कागदातून ७.५ × १० इंचांचे ८ तुकडे पडतात, म्हणजे १६ पानं. ३२ पानांना एका प्रतीमागे २ ताव. १००० प्रतींना २००० ताव, म्हणजे ५००चे ४ रीम, वर वाया जाण्यासाठी ५ ते १० टक्के. १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम) एक रीम सुमारे २५ किलो भरतो, तेव्हा कागद साधारण ११० किलो. हा हिशेब घरी करून मग दर विचारा. छापखान्याचं बोलणं लगेच सरळ होतं. चौकोनी ८.५ × ८.५ इंच हवं असेल तर डबल क्राउनमध्ये १६ऐवजी १२च पानं बसतात. त्यासाठी २३ × ३६चा कागद मागा.

आतली पानं १३० जीएसएम मॅट आर्ट पेपर. चकचकीत कागदावर रंग खुलतो, पण वर्गात ट्यूबलाइटखाली पुस्तक उंच धरलं की मागच्या रांगेला फक्त उजेडाचा पट्टा दिसतो. मॅपलिथोवर, म्हणजे साध्या बिनचकाकीच्या कागदावर, रंग शोषला जाऊन मऊ पडतो. जलरंगाला ते छान दिसतं, भडक डिजिटल चित्राला नाही. मुखपृष्ठ २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. बांधणी मधल्या पिनांची. ३२ पानांचा कणा चिकटवून बांधण्याइतका जाड नसतो, तशी बांधली तर पानं महिन्याभरात सुटतात. अगदी लहान मुलांसाठी पिनांऐवजी मधून दोऱ्याची शिलाई घाला.

पडद्यावरचा केशरी आणि पोपटी रंग छापताना मळतो. भोपळ्याच्या गराला किरमिजी ५५-६० टक्के, पिवळा ९५-१०० टक्के, निळा शून्य. त्यात १० टक्के निळा शिरला तरी गर शिळा दिसतो. म्हातारीच्या सावळ्या रंगात काळी शाई घातली की ती आजारी दिसते. किरमिजी आणि पिवळ्याला थोड्याच निळ्याची जोड द्या. आणि तिला गोरी करून प्रश्न सोडवू नका.

साधारण ३०० प्रतींपर्यंत डिजिटल, ५००च्या वर ऑफसेट (प्लेट करून यंत्रावर छपाई), मधल्या संख्येला दोन्हीकडचे दर घ्या. ऑफसेटला २० × ३० घेणाऱ्या यंत्रावर आतल्या पानांच्या १६ आणि मुखपृष्ठाच्या ४ प्लेट लागतात. प्लेट करण्याआधी १६–१७ आणि ८–९ ही दोन जोडपानं त्याच कागदावर रंगीत छापून मागा, आणि दिवसाच्या उजेडात बघा. पानांची मांडणी तपासायला छापखान्याकडून घडी घातलेली कोरी डमी घ्या: १च्या जोडीला ३२, २च्या जोडीला ३१, असं शेवटपर्यंत ३३ची बेरीज जुळायला हवी.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन आणि मोफत मिळतो. छापील आवृत्तीला एक, ई-पुस्तकाला वेगळा. अर्ज छपाईच्या बराच आधी करा, कारण मागच्या पुठ्ठ्यावरची बारकोडची पांढरी चौकट चित्रकाराला आधी माहीत असावी लागते. नाहीतर ती नेमकी वाघाच्या तोंडावर येते. १९५४च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने पाठवायची असते. या चार आणि सांगणाऱ्या तिघांच्या तीन, अशा सात प्रती पहिल्या गठ्ठ्यातून बाजूला काढून ठेवा, मग विक्रीचं बघा.